अफवा म्हणजे तोंडं

दत्तप्रसादला कुणी विचारलं, "सर, पीएच.डी. कशात करून राहिले?" की तो आधी स्वतःच हसून घ्यायचा. दुसऱ्यानं हसण्याआधी आपण हसलेलं बरं, एवढं व्यवहारज्ञान त्याच्याकडं होतं. बाकी व्यवहाराच्या नावानं शंख. पुसेगावच्या मेंढ्या राखणाऱ्या घरातलं हे पोरगं सेनगावात तासिकेवर मराठी शिकवायचं, आणि संशोधन करायचं ते वर्तमानपत्रांतल्या अरबी शब्दांवर. अर्ज, हजर, जप्ती, तहसील हे रोजच्या पेपरातले शब्द मूळचे अरबी. बातमीत येऊन ते किती बदलले आणि अरबी शिकणाऱ्या मराठी माणसाचा त्यांत कसा घोळ होतो, असा तो विषय. घोळ घालायला कुणीतरी शिकणारा पाहिजे. मराठी शाळेत शिकून पुढं मोठेपणी अरबीच्या वाटेला जाणारा दुसरा शहाणा सापडेना, म्हणून साहेब स्वतःच शिकायला बसले.

दर रविवारी जीपनं हिंगोलीला, एका निवृत्त उर्दू मास्तरांकडं. मास्तर भला माणूस, पण 'ऐन' हे अक्षर घशाच्या तळातून काढायला लावायचे, आणि दत्तप्रसादचा ऐन काही केल्या खाली उतरायचा नाही. मग घरी मेंढवाड्यात सराव. हा इकडून "अऽ" म्हणायचा, आणि पलीकडून मेंढी अचूक ऐन काढायची. मास्तरांना सांगितलं तर ते म्हणाले, "मियाँ, अगले इतवार उसी को भेज दो." बाप तातेराव एवढंच म्हणाला, "दत्ता, मेंढरं काहून बिचकून राहिली रं?"

दोन हजार सालच्या उन्हाळ्यात एका साप्ताहिकाचा बातमीदार भेटला. चहाच्या भरात दत्तप्रसाद बोलून गेला, "संधी मिळाली तर अरबांच्या मुलखातबी जाईन." आठव्या दिवशी मथळा आला, 'पुसेगावचे सुपुत्र निघाले दुबईला?' सोबत फोटो, त्यात तोंड गच्च मिटलेलं. आता गंमत बघा. मथळ्यातलं प्रश्नचिन्ह बातमीदाराला कसं वाचवतं आणि वाचणाऱ्याला कसं फसवतं, यावरच ह्या विद्वानाचं तिसरं प्रकरण होतं! असलं प्रश्नचिन्ह सेनगावच्या स्टँडपर्यंतसुद्धा टिकत नाही, असं त्यानं स्वतःच्या हातानं लिहिलं होतं. मग सरळ खुलासा छापून आणावा की नाही? यानं कात्रण कापलं, 'उत्तम नमुना' म्हणून फायलीत चिकटवलं आणि गप्प बसला. दुबईवाला म्हणून लोक चहाचे पैसे देऊ देईनात, मग बिघडलं कुठं?

बिघडलं जवळा बाजारात. तिथले ज्ञानबा तेच कात्रण खिशात घालून आपल्या पोरीचं, सत्यशीलाचं, स्थळ घेऊन आले. पोरगी बारावी, मार्क चांगले. तासिकेवरच्या मास्तराला तोवर कुणी दारात उभं केलं नव्हतं. "दुबईचं बराबर हाय ना?" ज्ञानबांनी विचारलं. "बघू, चालू आहेत प्रयत्न," दत्तप्रसाद म्हणाला. ते मात्र थेट घशाच्या तळातून निघालं, मास्तरांनी पाठ थोपटली असती. लग्न दणक्यात झालं.

चार महिन्यांनी एका सकाळी तो दात घासत होता आणि सत्यशीला शेजारच्या मिराबाईंना सांगत होती, "डी.एड.ला नंबर लागला होता माझा. पण तिकडं जायचं म्हणल्यावर दोन वर्षं हितं कुठं अडकू? दिलं सोडून."

ब्रश तोंडातच राहिला. अरे देवा! आपण चार फुकटचे चहा प्यायलो आणि या लेकराची शाळा गेली. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली, आणि लाजेहून मोठी भीती. खरं सांगावं तर ही माहेरी जाईल, न सांगावं तर कुठल्या तोंडानं हिच्या हातचं जेवावं? त्यानं दोन दिवस अन्न टाकलं. खोटं कशाला, एकच वेळ टाकलं. मग ती तूर पाखडत होती तिथं जाऊन बसला.

भित्रा माणूस, सुरुवात केली ती भाषाशास्त्रापासून.

"अफवा हा शब्द अरबी आहे. तिकडं त्याचा अर्थ तोंडं. लई तोंडं."

"बरं मग?"

"दुबईची ती अफवाच होती. मी कुठंच चाललो न्हाई. कधी चाललोच नव्हतो."

सूप थांबलं.

"पेपराचं तोंड होतं, गावाचं होतं, माझ्या बापाचंबी होतं," ती म्हणाली. "एवढ्या तोंडांत तुमचं एकच काहून बंद होतं?"

दुपारच्या एसटीनं ती माहेरी गेली. जाताना म्हणाली, "पेपरात खुलासा छापा, तुमच्या नावानं. मग बघू."

त्यानं लिहून दिलं, 'मी दुबईला जाणार नाही. जाणार नव्हतो. गप्प बसलो ही चूक माझी.' साप्ताहिकानं वर मथळा घातला, 'दुबईचा बेत रद्द?' पुन्हा तेच प्रश्नचिन्ह! गावात झालं की याचा व्हिसा नापास झाला. तातेरावला तर कुणीतरी दुखवट्याला भेटल्यासारखं भेटून गेलं.

पंधरा दिवस दत्तप्रसाद एकटा मेंढरांशी बोलला. सोळाव्या दिवशी सत्यशीला आली. पिशवीतून नव्या सालाचा डी.एड.चा फारम काढला आणि म्हणाली, "फोटो लावायचा हाय. डिंक असंलच तुमच्यापाशी, कात्रणं चिकटवायला."

दोन हजार पाचला तोंडी परीक्षा झाली. सत्यशीला तोवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती, रजा टाकून आली आणि मागच्या बाकावर बसली. परीक्षकांनी विचारलं, "अफवा या शब्दाचा मूळ अर्थ?"

"तोंडं, सर."

"वृत्तपत्रातलं एखादं उदाहरण?"

दत्तप्रसादनं प्रबंध उघडून तिसऱ्या प्रकरणातलं कात्रण पुढं केलं. परीक्षकांनी वाचलं, मग चष्म्यावरून त्याच्याकडं पाहिलं. "ही अफवा नेमकी कुणाच्या तोंडून निघाली?"

त्यानं एकदा मागच्या बाकाकडं बघितलं आणि फोटोवर बोट ठेवलं. "ह्याच, सर. हे मिटलेलं दिसतंय ना, ह्याच तोंडातून."