शेरेबुवांचे सहा गुण

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांना अख्खी इमारत शेरेबुवा म्हणते. हे त्यांनाही ठाऊक आहे. एकदा जिन्यात त्यांनी मला सांगितलं, की नाव समर्पक आहे, मात्र उच्चारताना आदर थोडा वाढवण्यास वाव आहे.

शेरेबुवा तपासनीस आहेत. वायरिंग, शिवणकाम, नळजोडणी, फिटरकाम असले हातचे धंदे शिकवणाऱ्या शाळा असतात ना, तिथल्या मास्तरांना तपासायचं हे त्यांचं काम. मुलांना नव्हे, मास्तरांना. वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसायचं, मांडीवर बेचाळीस रकान्यांचा फॉर्म घ्यायचा आणि मास्तर कसा शिकवतो त्याला गुण द्यायचे. बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाला सवय लागते. घरातही त्यांचे शेरे चालायचे. जेवण झालं की हात धुता धुता म्हणायचे, "चव समाधानकारक. वाढण्यात सुधारणा हवी." त्यावर बायकोचं उत्तर ठरलेलं असे: "सुधारणा उद्यापासून. आज आपलं ताट आपण घासा." आणि ते घासायचे. तीसुद्धा चव होती त्या घराला.

बायको जाऊन चार वर्षं झाली. लेक दूर असते, रविवारी सकाळी फोन करते. जेवलात का, गोळी घेतलीत का, असे तिचे दोन रकाने. ते भरून झाले की फोन बंद. उरलेला आठवडा शेरेबुवा आणि त्यांचा रेडिओ. रेडिओवरच्या निवेदिकेला ते दहापैकी सात देतात.

घरी ही अवस्था, तर कामावर त्याहून मौज. शेरेबुवा शाळेच्या फाटकातून आत आले, की नळजोडणीचे मास्तर पाना घेऊन भिंतीतल्या पाइपावर दोनदा ठणठण करतात. तो आवाज पाइपातून तिन्ही मजले फिरतो आणि प्रत्येक वर्गात चालू धडा थांबून राखीव धडा बाहेर येतो. वायरिंगचे मास्तर अकरा वर्षं त्यांना जिन्यातल्या दिव्याची दोन बटणं जोडून दाखवताहेत. शिवणाच्या बाईंनी नऊ वर्षं एकच कॉलर शिवली; त्या कॉलरखाली शर्ट असतो की नाही, हे शेरेबुवांना अजून कळलेलं नाही. ठणठण त्यांनाही ऐकू येते. पहिल्या वर्षी त्यांना वाटलं होतं, नळ दुरुस्ती चालू असेल. पुढे उमजलं, पण ते काही बोलले नाहीत. कुणी आपली एवढी वाट बघतं, हेही काही थोडं नव्हे.

मधल्या सुट्टीत त्यांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवतात आणि साहेबांना त्रास नको म्हणून दार लोटून घेतात. पलीकडे शिक्षकांच्या खोलीत हसणं चाललेलं असतं. शेरेबुवा हात धुवायला उठले आणि चपलेचा आवाज झाला, की ते हसणं कुणी नळ बंद करावा तसं बंद होतं. ते हात धुतात, परत येतात, डब्याचं झाकण लावतात. पलीकडे पुन्हा हसणं सुरू.

तर गेल्या वर्षी त्यांच्याकडे एका नव्या शाळेतल्या, फिटरकाम शिकवणाऱ्या बाई तपासणीसाठी आल्या. बाई अठरा वर्षं कारखान्यात काम करून मग शिकवायला लागलेल्या, आणि नोकरी कराराची. नियम असा, की लागोपाठ दोन वर्षं साठ टक्क्यांच्या खाली गुण पडले तर करार संपला. आधीच्या वर्षी दुसऱ्या कुणी तपासनीसाने त्यांना सत्तावन्न दिले होते. म्हणजे शेरेबुवांच्या पेनावर बाईंची नोकरी होती.

त्या वर्कशॉपमध्ये पाइप ठणठणला नाही. बाईंनी राखीव धडाच ठेवला नव्हता. वीस मुलंमुली ओळीने उभी, प्रत्येकाच्या पुढ्यात शेगड्यात, म्हणजे बाकाला आवळलेल्या लोखंडी पकडीत, धरलेला लोखंडाचा चौकोनी तुकडा, आणि सगळ्यांच्या हातातल्या कानशी चालू. कड घासून अशी सरळ करायची, की गुण्या, म्हणजे काटकोनी पट्टी, लावून तुकडा खिडकीसमोर धरला तर मधून उजेड दिसता कामा नये. उजेड दिसला, की काम वाकडं. बाई बोलत नव्हत्या. पाठीमागून फिरायच्या, कानशीचा आवाज ऐकायच्या, आवाज बिघडला की त्या पोराच्या कोपराला एक बोट लावायच्या. कोपर सरळ व्हायचं, आवाजही सरळ व्हायचा. शेरेबुवांनी फॉर्म काढला. विद्यार्थ्यांना विचारलेले प्रश्न: शून्य. फळ्याचा वापर: शून्य. शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो का: आवाजच नाही.

अर्ध्या तासाने बाई त्यांच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या.

"साहेब, उजेड अडवताय तुम्ही. आणि इथं बसून कुणी राहत नाही. बाराव्या शेगड्यावरची मुलगी आज आली नाही, तिचा तुकडा घ्या."

बावीस वर्षांत शेरेबुवांना कुणी सरका म्हटलं नव्हतं. ते उठले. तपासनीस होण्याआधी ते स्वतः फिटरचे मास्तर होते आणि मघापासून त्यांचे हात शिवशिवत होते, हे त्यांनी मला नंतर कबूल केलं. कोट खुंटीला गेला, फॉर्म कोटाच्या खिशात गेला. दोन तास त्यांनी कानस मारली. बाईंनी त्यांच्या कोपराला तीनदा बोट लावलं. शेजारच्या शेगड्यावरची मुलगी म्हणाली, आजोबा, पाय जरा फाकवा, नाहीतर कंबर धरेल. वर्ग हसला आणि शेरेबुवा आत असताना हसला, थांबला नाही.

शेवटी बाईंनी सगळ्यांचे तुकडे तपासले. त्यांचाही. गुण्या लावून खिडकीसमोर धरला.

"दहापैकी सहा. एक कड जमलीय. दुसरी मधे फुगलीय, टोकांना उजेड दिसतोय. कोपर झुलतं तुमचं. तुकडा ठेवते मी, पुढच्या खेपेला पुरी करा."

मग समोरासमोर बसून गुण सांगायचे असतात, तसे ते बसले. शेरेबुवांनी बेरीज केली. चौपन्न. बाईंचा चेहरा उतरला, पण आवाज नाही. शेरेबुवा पडलेल्या आवाजात म्हणाले, की बाई, तुम्ही मुलांना एकही प्रश्न विचारला नाहीत.

"विचारले की. कोपराला बोट लावते, म्हणजे विचारतेच मी, हे काय चाललंय म्हणून. मुलं उत्तर देतात, तुम्हीही दिलंत."

"त्याला रकाना नाही."

"मग तुमच्या फॉर्मला एकदा गुण्या लावून बघा, साहेब," बाई म्हणाल्या आणि कानशी मोजायला गेल्या.

त्या संध्याकाळी शेरेबुवा वर न जाता माझ्याकडे आले. कोरा चहा घेतला, त्याला गुण दिले नाहीत, तेव्हाच मी ओळखलं की प्रकरण गंभीर आहे. चौपन्न लिहिले तर बाई जाणार. साठ लिहिले तर तो खोटा आकडा, आणि शेरेबुवांनी आयुष्यात खोटा आकडा लिहिलेला नाही; वजनकाट्यावर उभे राहतानासुद्धा चष्म्याचं वजन वजा करणारा माणूस. मी म्हटलं, काहीतरी पळवाट असेल. त्यांनी कप बशीत ठेवला. मग म्हणाले, "आहे. मीच लिहिलेली."

झालं होतं असं, की फार वर्षांपूर्वी बेकरीच्या वर्गाला एक तपासनीस जायचे. ते धड्यात इतके समरस होत, की मुलांना शिकायला केक उरत नसे. तक्रारी वाढल्या, तेव्हा नियम करायचं काम शेरेबुवांकडे आलं. त्यांनी कलम नऊ लिहिलं: निरीक्षकाने पाठात भाग घेतल्यास ते निरीक्षण रद्द समजावे, दुसरा निरीक्षक नेमावा आणि पहिल्याने त्या शिक्षकाच्या वर्गास पुन्हा जाऊ नये. बेकरीच्या तपासनीसासाठी खणलेला खड्डा होता तो. त्यात कानशीसकट आपणच उतरू, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"मग उतरा की," मी म्हटलं. "बाई वाचतील."

"वाचतील. दुसरा माणूस जाईल, तोंडाने प्रश्न विचारले की झालं." ते कपाच्या कानाशी चाळा करत होते. "दुसरी कड राहिलीय माझी तिथे."

एवढंच बोलले. मग वर गेले आणि फॉर्मवर आडवं लिहिलं: निरीक्षकाने दोन तास कानस मारली, सबब रद्द. बाईंना जी प्रत जाते तिच्यावर पेन्सिलने एक ओळ जास्त होती: प्रश्न तोंडाने विचारावेत, किमान सात.

कचेरीने शेरेबुवांकडे खुलासा मागितला, त्यांच्या नोंदपुस्तकात पहिला लाल शेरा पडला. तो त्यांनी मला वाचून दाखवला. भाषा चांगली आहे म्हणाले. महिन्याभरात दुसरे तपासनीस जाऊन आले. बाईंनी मोजून सात प्रश्न विचारले. एकोणसत्तर पडले. करार वाढला.

काही दिवसांनी कचेरीच्या टपालातून शेरेबुवांना वर्तमानपत्रात गुंडाळलेला तो लोखंडाचा तुकडा आला. सोबत चिठ्ठी: दुसरी कड बाकी आहे. खाली सही नाही. त्यांनी तीन दिवस तो तुकडा कागदांवर वजन म्हणून ठेवला. चौथ्या दिवशी बाजारातून शेगडा आणला आणि जेवणाच्या टेबलाला आवळला. त्या टेबलाला दोन बाजू आहेत. एकीवर ते जेवतात. दुसरीला आवळला.

हल्ली रविवारी लेकीचा फोन झाला, की वरून कानशीचा आवाज येतो. बराच वेळ चालतो, मग थांबतो. थांबला की मला कळतं, आता ते खिडकीपाशी उभे असतील, तुकड्याला गुण्या लावून.

परवा आवाज थांबला आणि ते खाली आले. तुकडा माझ्या हातात दिला, गुण्या दिला आणि खिडकीकडे बोट केलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. तुकडा आरशासारखा चकचकत होता. हौसेने घासलाय माणसाने, म्हणून मी उजेडाकडे धरल्यासारखं केलं आणि म्हटलं, "दहापैकी दहा."

त्यांनी तुकडा माझ्या हातातून हळूच काढून घेतला.

"बघितलं नाहीत तुम्ही," ते म्हणाले. रागावून नाही. मग जिना चढून वर गेले. थोड्या वेळाने कानस पुन्हा सुरू झाली.