ओझं उचलायची रीत

लेकीकडे निघालोय. विमानतळाच्या काचेतून खाली एक बाई सामान चढवताना दिसते. गुडघ्यात वाकते, बॅग अंगाशी धरते, मग उठते. बरोबर करते. मीही इथंच तीस वर्षं बॅगा उचलल्या. दरवर्षी आम्हाला प्रशिक्षणाच्या वर्गात बसवून साहेब ओरडायचा, "कमरेत वाकू नका रे, बैलांनो!"

घरी बायको खालच्या नळावरून कळशा तीन मजले चढवायची, कमरेत वाकूनच. म्हणायची, "अहो, विमानाला घालतात तसं थोडं तेल माझ्या कमरेलाही घाला की!" मी हसायचो. शेवटची दोन वर्षं तिला उचलून बसवावं लागलं. आता ती नाही.

कामावरची अक्कल माणूस बुटांबरोबर कामावरच काढून ठेवतो. एकदा तिच्यासमोर गुडघ्यात वाकून कळशी उचलून दाखवली असती, तर माझं काय जात होतं?