कोर्ट उठेपर्यंत

बोरिवलीच्या व्हिसा एजंटकडे मी फॉर्म देऊन बसलो होतो. आपल्यासारख्या सभ्य माणसाला कसले प्रश्न विचारता, या तोऱ्यात मी न वाचताच सगळीकडे 'नाही' लिहिलं होतं. शेजारी दहिसरचे एक काका होते, मुलीकडे कॅनडाला निघालेले. चष्म्याची डबी गुडघ्यावर आपटत ते एकेक प्रश्न वाचून घेत होते.

"कधी शिक्षा झालीय?" टेबलामागच्या मुलीने विचारलं.

"झालीय ना. गणपतीच्या जागरणाला पैसे लावून पत्ते खेळलो, अख्खी चाळ पकडली. चाळीस वर्षं झाली."

"काका, 'नाही' लिहू या. कोण बघतंय?"

"मी बघतोय ना!"

"बरं. शिक्षा किती?"

"कोर्ट उठेपर्यंत तिथेच बसायचं."

"म्हणजे किती वर्षं?"

"वर्षं कसली गं? पाच वाजेपर्यंत."

हसू दाबत तिने पुढचा प्रश्न वाचला, "मुदत संपल्यावरही कुठे राहिला होतात?"

डबी थांबली. काका ओशाळले.

"कोर्टात पंखा होता गं. डोळा लागला. शिपायाने सहाला उठवलं. तेही लिही."

तिने कपाळावर हात मारला. मी हळूच माझा फॉर्म परत मागितला.