हुसेनभाईची रेघ

खरं सांगतो, त्या पुण्याच्या इंजिनिअरचा मले लय राग आला होता. मी सूर्यभान, अमरावतीच्या एका कॉलेजात लॅब अटेंडंट. सन दोन हजार आठची गोष्ट. तो आला, गजालाचं काम पाहिलं अन् म्हने, "मॅडम, ड्रायव्हर लिहिणं तुमच्याकडचं काम नाही." अरे वा रे वा!

गजाला तिवशाच्या हुसेनभाईची पोरगी, आमच्याच कॉलेजात शिकवे. हुसेनभाई जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार भरून देत. त्या सालांत लाइन अशी, की कधी तीनच्या जागी दोनच फेज, कधी अर्धं व्होल्टेज. मोटर जळाली की संत्र्याची उभी बाग वाळे. मोटर वाचवणारा स्टार्टर गजालानं बनवला होता. त्याची परीक्षा घ्यायले त्या इंजिनिअरच्या कंपनीकडून सिम्युलेटर आणला, म्हणजे शेतातल्या लाइनीसारखी हुबेहूब वागणारी पेटी.

पन पेटीतलं नवं कार्ड कॉम्प्युटरशी बोलेना. त्याले बोलतं करणारा प्रोग्राम, तोच ड्रायव्हर, तयार भेटेना. सहाशे पानांचं मॅन्युअल, दुसऱ्याच कार्डाचा नमुना अन् नेटवरची चार उत्तरं, एवढ्यावर पोट्टीनं तो स्वतः लिहिला. चालला बी! पन मिलिसेकंदाले एक आकडा पाहिजे, अन् मधूनच एखादा चुके. शनिवारपर्यंत जमलं नाही तर पेटी परत जानार, स्टार्टर कपाटात.

गुरुवारी स्टार्टरले जोडायची मोटर आणायले आमी तिवशाले गेलो. "रामराम हुसेनभाई!" म्या दारातूनच म्हटलं. उत्तर नाही. मानूस तारेचे वेढे मोजून राहिला होता. ढुंकून बी पाह्यलं नाही, फक्त पाटीवर खडूची रेघ ओढली. माझं डोकंच सणकलं. वेढे संपल्यावर रेघ पुसत म्हणाले, "रामराम सूर्यभानभाऊ. रागावू नका. मोजता मोजता बोललो तर वेढा चुकते. हाक आली की रेघ ओढतो, जबाब मागून."

गजाला जागच्या जागी थिजली. "अब्बा, मी मोजता मोजताच बोलून राहिली!"

बसमधे तिनं समजावलं. कार्डाची हाक आली की ड्रायव्हर आकडा घेई अन् तिथंच फाइलीत लिहीत बसे, तेवढ्यात पुढची हाक निघून जाई. आता हाक आली की आकडा घेऊन नुसती रेघ, फाइलीत लिहिनं मागून.

शनिवारी तासभर चाचणी चालली. छत्तीस लाख आकडे यायचे होते. गजालाची नजर पडद्यावर. मधेच पेटी न्यायले आलेला इंजिनिअर म्हने, "मॅडम, एक मिनिट." तिनं मान वळवली नाही. फळ्यावर एक रेघ ओढली. मले असं हसू फुटलं बाप्पा!

तास संपला. एक आकडा चुकला नाही. मग पेटीनं एक फेज घालवली, अन् स्टार्टरनं खट्‌कन मोटर बंद केली. जळू दिली नाही.

गजालानं रेघ पुसली अन् वळली. "हां सर, बोला."