आपली शाळा, आमची शाळा

चौथीच्या बाईंना सगळं गाव ‘मोठ्या बाई’ म्हणे. उंची म्हणाल, तर फळ्याच्या वरच्या ओळीसाठी त्यांना स्टूल लागे! सरकारी शाळेत अठ्ठावीस वर्षं काढली बाईंनी. मधल्या काळात गावातल्यांनी एकेक करत पोरं चढावरच्या खाजगी शाळेत नेली. वर्गाचा पट अकरावर आला, शाळेला टाळं लागायचंच बाकी होतं. तेवढ्यात कारखान्याच्या कामाला परदेशातून कुटुंबं आली आणि बाकं पुन्हा गच्च भरली. बाईंची खुर्ची वाचली ती या परक्या पोरांच्या पुण्याईवर.

आणि बाईंनी काय करावं? सून नको नको म्हणत असताना नातीला बोटाला धरून चढावरच्या शाळेत घालून आल्या. सुनेला म्हणाल्या, “इथल्या गर्दीत तिची भाषा बिघडेल गं!” शाळेत मात्र थाप ठोकून दिली, नात आजोळी असते म्हणून. तेव्हापासून हजेरी घेताना मान वर होईना. खाई त्याला खवखवे.

एका दुपारी कारखान्यातली एक बाई लेकीला घेऊन वर्गात आली. आईला इथली भाषा येत नव्हती. दुभाषी अर्थात लेकच.

“बाई, आई विचारते, मला वरच्या शाळेत घालू का? तुम्ही सांगाल ते.”

“छे गं! आमची शाळा काय वाईट आहे?”

पोरगी खुदकन हसली. “बाई चुकल्या! ऐकणाऱ्याला धरलं तर ‘आपली’, वगळलं तर ‘आमची’. तुम्हीच शिकवलंत!”

“घ्या! गुरूची विद्या गुरूला,” दारातून शिपाई म्हणाला.

बाईंना हसू फुटेना. इतके दिवस दडवलेलं बाहेर पडलंच. “माझी नात वरच्याच शाळेत आहे. मीच घातली. तुम्ही लोक आलात, म्हणून.”

बाईंचं बोलणं एवढं. पोरीने आईला सांगितलं ते चार शब्दांत, शेवटचं वाक्य गाळून. आईचा चेहरा खुलला.

“आई म्हणते, बाईंची नात तिथे, म्हणजे ती शाळा चांगलीच. दाखला द्या.”

बाईंनी दाखला भरायला घेतला. ‘शाळा सोडण्याचे कारण’ या रकान्याशी पेन अडलं.

“पालकांची इच्छा लिहा, दुसरं काय?” शिपाई म्हणाला.

बाईंनी पोरीकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

“तेच लिहा, बाई. आईला वाचता येत नाही, पण मला येतं.”

बाईंनी तेच लिहिलं. ‘इच्छा’मधला ‘च्छा’ दोनदा गिरवावा लागला.