गाठी मोजणारा

दिवेआगरपासून तळा गावापर्यंत याच्याइतका अस्वस्थ प्राणी दुसरा मिळणार नाही. माझ्या व्याह्यांच्या भावकीतला हा इसम कॅन्सरची नोंद ठेवणाऱ्या कचेरीत आहे. देशात कुणाला, कुठे, कसला कॅन्सर झाला ते गावोगाव फिरून लिहायचं, एवढंच काम. पण हा ते जत्रेत पोर हरवल्यासारखं करतो. चहा उभ्याने पितो, फटफटी बंद करत नाही आणि रामराम म्हणायच्या आधी विचारतो, गाठ केवढी होती, सुपारीएवढी, लिंबाएवढी की नारळाएवढी? तो दिसला की शेजारची वहिनी सुनेला सांगते, "भोपळे झाक गं, मोजून नेईल." एका लग्नात तर हा पंगतीतून उष्ट्या हाताने उठला आणि बेंजोवाल्याचा फुगलेला गाल चाचपायला लागला. आत पानाचा तोबरा होता. तो उडाला नवरीच्या बापाच्या सदऱ्यावर.

त्यातून मांसातल्या गाठीवर याचा विशेष डोळा. हाडातली न्हाय, कातडीवरची न्हाय. मांडीच्या नाहीतर दंडाच्या मांसात गुपचूप वाढते ती. फार थोड्यांना होते म्हणतो, म्हणून एक जरी सुटली तरी सगळ्या देशाचं चित्र वाकडं होतं. मी चौथी शिकलेला, मला देशाचं काय पडलंय. पण माझी बायको त्याच गाठीने गेली. मांडीत होती. सुपारीचं पोतं लागलं असेल म्हणून आम्ही सहा महिने तेल चोळत बसलो.

ती गेल्यावर वर्षाने हा दारात आला. कागद चाळून विचारलं, काकी मुंबईत किती वर्षं होत्या? म्हटलं, वर्षं कसली, अकरा दिवस, तेही वॉर्डात. तेव्हा घोळ कळला. इस्पितळात मी भाच्याच्या मुंबईतल्या खोलीचा पत्ता सांगितला होता. आमच्याकडचे सगळे तसंच करतात. गावचा सांगितला तर परत पाठवतील अशी धास्ती.

"माणूस राहतो तिथे मोजतात, काका," तो म्हणाला. "काकींना मुंबईत मोजलंय. आपल्या तालुक्यात ही गाठ कुणाला झालीच नाही, असं झालं."

झालीच न्हाय? लग्न होऊन आल्यापासून जी वाडी सोडून राहिली नाही, ती मुंबईची? मी त्याला सरळ शिवी दिली आणि बदल म्हटलं. तो म्हणाला, पत्ता खोटा दिला असं तुम्हाला लिहून द्यावं लागेल. दिलं. चार ओळींना माझी सकाळ गेली. मग हा रेशनकार्ड, मतदारयादी, दाखला असा पळत सुटला. ग्रामसेवक त्याला पाहून मागच्या दाराने जायला लागला.

परवा काम करून आला. मोबाइलवर आमच्या गावाचं नाव आणि पुढे आकडा, एक. वर माणसाचं नाव जात नाही म्हणाला, नुसता आकडा जातो. मला वाचायला वेळ लागतो. तो मोबाइल धरून उभा राहिला. मग मी त्याला आत नेलं आणि बायको सुपाऱ्या सोलायला बसायची ती मागची पडवी दाखवली. पत्ता बरोबर आहे ना, त्याने एकदा डोळ्यांनी बघून घ्यावं.