मी पडली

त्या तलावाला नाव असेलच, पण आम्हाला ते कुणी सांगितलं नव्हतं. बाबांच्या शिफ्टमधल्या एका काकांनी फक्त रस्ता सांगितला होता. हिंगण्याच्या कंपन्या मागे टाकायच्या, दोन फाटे सोडायचे, पळसाची रांग लागली की गाडी तिथेच लावायची. गळ टाकायची परवानगीही त्यांनीच गावात विचारून ठेवली होती. आम्ही पोचलो तेव्हा पाण्यावर धुकं होतं आणि पलीकडचा काठ दिसत नव्हता. तलाव लहान आहे हे मला बराच वेळ कळलंच नाही.

माझ्या पिशवीत, डब्याखाली, कॉलेजचं पत्र होतं. आठ दिवसांपासून होतं. मागच्या परीक्षेत मी मराठीत पहिली आले होते, आणि बक्षीस समारंभात अशा मुलांच्या पालकांनी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलायचे होते. पालक येणार की नाही, हे या सहलीच्या दुसऱ्याच दिवशी ऑफिसात लिहून द्यायचं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. बाबांना सांगितलं असतं तर ते नक्की आले असते. म्हणूनच मी सांगितलं नव्हतं.

मला भीती त्यांच्या बोलण्याची होती. हे लिहिताना अजूनही हात अडखळतो. पहिल्या वर्षी मी वर्गात "सर, मी काल नाही आली" म्हटलं आणि पुढच्या बाकावरच्या दोघी वळून हसल्या. तेव्हापासून मी 'आली', 'गेली', 'मले' सोडून 'आले', 'गेले', 'मला' घोकलं, आणि हळूहळू घरीही तेच तोंडात बसलं. बाबांनी त्याचा खेळ करून टाकला. मी दारातून "आले" म्हटलं की ते आतून विचारायचे, "किती जणं आले वं? चहा किती मांडू?"

त्यांनी शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, आणि कणीक मळून लिंबाएवढे गोळे केले. एक गळाला लावला, चार पाण्यात सोडले.

"नवं पाणी आहे," ते म्हणाले. "पयले खाऊ घाला लागते, मंग मागा लागते."

दोऱ्याला बांधलेली मोरपिसाच्या देठाची काडी पाण्यावर तरंगत उभी राहिली. मासा लागला की ती बुडते; तोवर तिच्याकडे पाहत बसायचं, एवढंच काम. धुकं कधी विरलं ते समजलं नाही. पळस पाण्यात उलटे उभे राहिले आणि त्यांच्या केशरी फुलांतून एक पाणपक्षी हळूच चालत गेला. कुठेतरी बैलाच्या गळ्यातली घंटा वाजत होती, पण ती काठावर होती की पाण्याखाली, हे मला सांगता आलं नसतं. काडीजवळ बारीक बुडबुडे यायचे, थांबायचे, पुन्हा यायचे.

"रोहू आहे का?" मी कुजबुजले.

"रोहू असन, कतला असन. खालून पाहून राहिला तो आपल्याले."

मी पुन्हा काडीकडे पाहायला लागले.

"काहून वं, झोपली का?"

"नाही. जागी आहे."

"मंग आठ दिवसांपासून कुठं राहते तू? आवाज देतो तं ऐकतच नाही."

उत्तराची वाट न पाहता ते बाजूच्या ओढ्यावर हात धुवायला गेले. मी पिशवीकडे हात नेला. कागदाची कड बोटांना लागली. तेवढ्यात पाहिलं, तर काडी पाण्यावर नव्हती. बुडताना मी पाहिलीच नाही. बाबा ओढ्याकडून ढेपेचे हात धुऊन परत येत होते. मी गळाची काठी धरली आणि दोरा सरळ तलावाच्या मध्याकडे पळाला. पायाखालचा गाळ सरकला.

"बाबा! धरा ना! मले ओढून राहिला! मी पडली, मी पडली!"

पडलेच. काठी मात्र सोडली नाही. बाबांनी धावत येऊन माझ्या हातांवर हात ठेवले. ते इतके हसत होते की त्यांना धड धरता येईना.

"एकटीच पडली ना? का बाकीचे बी पडले?"

गुलाबी झाक असलेला मोठा रोहू काठावर आला. मी चिखलातच बसून हसत होते, आणि हसता हसता मी पत्र काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ओल्या बोटांनी ते सावकाश वाचलं. तारखेपाशी एक खवला चिकटला.

"कधीचं आहे हे?"

"आठ दिवसांचं."

त्यांनी पत्राची घडी केली. रागावले नाहीत. "तू दोन शब्द लिहून दे," ते म्हणाले. "'मला' घालून. मी पाठ करतो."

म्हणजे मी पत्र का लपवलं, ते त्यांना कळलं होतं.

परतीच्या वाटेवर रोहू ओल्या पोत्यात होता आणि मी मागे बसले होते. हेल्मेटमधून पुटपुटणं ऐकू येत होतं. "माझी मुलगी पहिली आले, याचा मला…"

"आली, बाबा. मुलगी आली."

"हे पाहा! तूच म्हणते आले, तूच म्हणते आली."

"तुम्ही काहीच पाठ करू नका. आज बोलले तसंच बोला."

कंपन्या दिसायला लागल्या तेव्हा त्यांनी विचारलं, "किती जणं येऊ?"

"दोघं. आईला पण आणा."

"आईले."

"आईले," मी म्हणाली.